गिरणीमालकाचा जिना

अमेरिकेहून परत आले तेव्हा सोलापुरात जो भेटेल तो विचारायचा, "काय काय बघितलं?" मी सांगायची, "एक जिना बघितला." लोकांना वाटायचं म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा कसली? सहा महिने राहिले, धबधबा राहिला, पुतळा राहिला, आणि एका गिरणीमालकाच्या बंगल्यातल्या जिन्यापायी तीन दिवस घालवून आले. त्या जिन्याने आमच्या घरात जी धुसफूस लावली ती आठवली की अजून माझं डोकं तापतं. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी माणसं सांगते. आक्का माझी थोरली बहीण. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, वॉकर धरून सपाटीवर हळूहळू चालते, पण पायरी तिला एकसुद्धा चढवत नाही. ती न्यू जर्सीत पार्सिपनीला मुलाकडे असते. मुलगा मुकुंद, आयटीत. मी त्याची शैलामावशी. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. आणि मुकुंदची लेक सई. तिचा जन्म तिकडचाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. सईचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नासाठी तिने एक बंगला हेरून ठेवला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एका नदीकाठच्या गावात, शेदीडशे वर्षांपूर्वीच्या कापड गिरणीच्या मालकाचा. त्यातला जिना तिने कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लग्नात पाहिला होता, तेव्हापासून तिचं मन त्यावर जडलेलं. होणारा नवरा अनिकेत, मूळचा नागपूरचा, राहतो अमेरिकेतच अ‍ॅशबर्नला. त्याला विचारलं तर म्हणाला, "यार, मला कुठेही चालेल." नवऱ्या मुलांचं सगळीकडे असंच असतं.

बंगल्याची हवी ती तारीख मोकळी होती, पण होय की नाही ते शनिवारी दुपारपर्यंत सांगायचं होतं. म्हणून गुरुवारी आम्ही चौघं गाडीने निघालो. आक्काची सून हॉस्पिटलात नोकरीला, तिला सुट्टी मिळाली नाही.

गुरुवार, पानं बघायला निघालेले लोक

ऑक्टोबर होता. तिकडे झाडांची पानं गळायच्या आधी लाल-पिवळी होतात आणि ती बघायला लोक गाड्या काढून निघतात. रस्ता तुंबतो तो पानांपायी. रंग सुंदर होते, नाही म्हणत नाही. पण दर दहा मैलांवर एक कुटुंब गाडीतून उतरून एकाच झाडापुढे फोटो काढत होतं आणि झाड बिचारं उघडं पडत चाललं होतं.

उतरलो ते एका बाईच्या घरगुती लॉजमध्ये. पलंगावर इतक्या उशा की झोपायचं कुठं तेच कळेना. मी सगळ्या उचलून खुर्चीवर रचल्या तर खुर्ची दिसेनाशी झाली. सकाळी न्याहारीला गोड पाव, त्यावर गोड पाक, त्यावर गोड मलई. आक्काने एक घास खाल्ला, पिशवीतून डबा काढला आणि कडक भाकरी मोडून शेंगाचटणी घेतली. लसणाच्या वासाने मालकीण बाहेर आली. आक्काने तिलाही एक तुकडा दिला. बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने दुसरा तुकडा मागितला. त्या प्रवासात माझ्या मनातून उतरली नाही अशी ती पहिली व्यक्ती.

शुक्रवार, मागच्या दाराने

फाटकापासून बंगल्यापर्यंतचा रस्ता मुद्दाम वळणावळणाचा काढलाय. सरळ काढला असता तर गाडी दोन मिनिटांत पोचली असती. पण मग येणाऱ्यावर हळूहळू दडपण कसं आणायचं? शेवटच्या वळणावर उंच सुरूसारखी झाडं संपतात आणि बंगला एकदम अंगावर येतो.

काय सांगू! शाळेत पोरांना घराचं चित्र काढायला सांगितलं की एक तरी पोरगा असा निघतो, ज्याला कुठं थांबायचं कळत नाही. घर काढतो, त्यावर कळस, कळसावर झेंडा, झेंड्यावर मोर. त्या पोराच्या हाती गिरणी आली की हा बंगला होतो. एका कोपऱ्यात गोल मनोरा, दुसऱ्यात चौकोनी. छपराला इतके उतार की पावसालाही प्रश्न पडावा. धुराड्यांची नक्षी वेगवेगळी, खिडक्या कुठं टोकदार, कुठं गोल, एका कोनाड्यात दगडी सिंह, तोही जांभई देणारा. याला म्हणे व्हिक्टोरियन म्हणतात. राणी इंग्लंडची, मालक अमेरिकेतला, दगड फोडणारे कुठले कुठले, आणि नाव मात्र राणीचं.

"मनोऱ्यात काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही," तिथली मॅनेजर लिंडा हसून म्हणाली. "वर जायला जिनाच नाही. फक्त शोभेचा."

पुढच्या दाराला दगडी पायऱ्या. आक्काचा वॉकर पाहून लिंडा लगबगीने म्हणाली, तुमच्यासाठी बाजूने उतरण आहे, या. ती उतरण कचऱ्याच्या डब्यांवरून, एसीच्या घरघरणाऱ्या यंत्रांवरून गेली आणि मागच्या अंगाच्या एका बुटक्या दाराशी थांबली. "पूर्वी हे नोकरांचं दार होतं," लिंडा म्हणाली, आणि असं म्हणाली, जणू आमचा मोठा मान केला. माझा जीव जळाला. नातीच्या लग्नाची जागा बघायला आलेली आजी, आणि तिला नोकरांच्या दाराने आत घेतात!

"असू दे की," आक्का म्हणाली. "स्वयंपाकघर आधी बघायला मिळतंय."

हे मात्र खरं. आपल्याकडे बाई नव्या घरात गेली की आधी स्वयंपाकघर बघते, दिवाणखान्याचं काय ते पुरुष बघून घेतात. स्वयंपाकघर प्रचंड होतं. लोखंडी चूल एखाद्या बैलगाडीएवढी, आणि भिंतीवर वर घंट्यांची रांग. प्रत्येक घंटीखाली खोलीचं नाव. मालकाला पाणी हवं, वाजव घंटा. मालकिणीला शाल हवी, वाजव घंटा. आक्का मान वर करून बराच वेळ बघत राहिली. "एकाच वेळी दोन वाजल्या तर त्या बाईनं कुठं पळायचं गं?" तिने विचारलं. लिंडाला भाषांतर करून सांगितलं, तर तिला त्यात गंमत वाटली.

स्वयंपाकघरातून पुढे जायचं दार हिरव्या जाड कापडाने मढवलेलं होतं. आतला आवाज आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून. आमच्याकडे पाहुण्याला फोडणीचा वास आला नाही तर त्याला काळजी लागते, आज जेवायला मिळतंय की नाही. इथं शंभर माणसांचं जेवण रांधायचं आणि ते कुणी रांधलंच नाही असं दाखवायचं. सबंध घराची रचना त्याच हिशोबाने केलेली. भिंतीत लपवलेली दारं, दारांमागे बोळ, बोळात अरुंद जिने. काम करणारा माणूस दिसता कामा नये, काम मात्र झालेलं दिसलं पाहिजे.

मग लिंडाने आम्हाला मोठ्या कौतुकाने 'इंडियन रूम' दाखवली. "इथे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल," म्हणाली. भिंतीवर हत्तींचा कागद चिकटवलेला, हत्तींना कान आफ्रिकेचे. लाकडी झरोका, त्याच्या मागे भिंत. मधोमध टेबलावर पितळेचा तांब्या, त्यात वाळलेली फुलं. मालक कधी हिंदुस्थानात आला होता का? नाही म्हणे, एका प्रदर्शनातून सगळं एकगठ्ठा विकत घेतलं. आक्का तांब्यापाशी गेली, बोटाने पुसून पाहिलं आणि म्हणाली, "कधीच घासलेला दिसत नाही." एवढंच. मला तेवढ्याने बरं वाटलं.

भर दुपारी सगळ्या खोल्यांत दिवे लावलेले होते. इतक्या खिडक्या, आणि उजेड नाही. रंगीत काचा, त्यांच्यापुढे जाड पडदे, पडद्यांपुढे झालरी. मुकुंदने होमाचं विचारलं. लिंडाचा चेहरा पडला. जुनं लाकूड आहे, आत आग चालणार नाही, पण आमच्याकडे फार सुंदर बॅटरीच्या मेणबत्त्या आहेत! म्हणजे आमच्या सईने सप्तपदी चालायची ती बॅटरीभोवती. मी मुकुंदकडे पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, होम बाहेर लॉनवर करू गं. मॅनेज होईल." तिकडे राहून राहून या पोरांना सगळंच मॅनेज होईल असं वाटायला लागतं.

आणि मग तो जिना.

काळपट ओकचा, खाली इतका रुंद की घोडागाडी चढावी. अर्ध्यावर एक थांबा, तिथं भिंतभर रंगीत काच, तिथून जिना दुभंगून दोन्हीकडून वर हॉलकडे जातो. कठड्याचे खांब न् खांब गिरणीतल्या सूत गुंडाळायच्या बॉबिनच्या आकाराचे कातलेले. लिंडा म्हणाली, मालकाने कामगारांचा केलेला हा सन्मान. आमचे वडील सोलापुरात गिरणीत मागावर होते. बारा तास बॉबिन बघून घरी आलेल्या माणसाला कठड्यावर आणखी बॉबिन कोरून दाखवली असती तर त्यांनी काय सन्मान मानला असता, ते मला नीट माहीत आहे. पण मी गप्प बसले, कारण सई त्या थांब्यावर जाऊन उभी राहिली होती. काचेतून निळा-लाल उजेड तिच्या तोंडावर पडला होता. "आजी, लुक!" ती वरून ओरडली. फार गोड दिसत होती पोरगी. तिला तिथं तसं उभं राहायचं होतं, बास. त्यात वाईट काय होतं?

वाईट एवढंच की लग्न लागणार ते वरच्या हॉलमध्ये, आणि आक्का उभी होती खाली.

लिफ्ट नव्हती. जेवण वर न्यायचा एक जुना पाळणा होता, त्यात माणूस बसवायला बंदी. लिंडा म्हणाली, "डोंट वरी. आमच्याकडे चार तगडी मुलं आहेत, खुर्चीसकट उचलून वर नेतात. सगळ्या ग्रॅनीजना तसंच नेतो. त्यांना फार आवडतं."

मुकुंदचा चेहरा खुलला. तो वाकून आक्काला म्हणाला, "आई, प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला. चार जण उचलून नेतील तुला. तू फक्त आडवी होऊ नकोस म्हणजे झालं." आणि स्वतःच हसला.

अरे देवा! सोलापुरात वाढलेला पोरगा. आईला चार जण उचलून नेतील म्हणाला, आणि काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. आक्काचा वॉकरवरचा हात घट्ट झाला. तिने पदर सारखा केला आणि त्या घोडागाडीएवढ्या जिन्याकडे बघत राहिली.

माझं डोकं असं फिरलं की तिथं थांबले असते तर लिंडाला आणि भाच्याला दोघांनाही ऐकवलं असतं. बाथरूमला जाते म्हणून सांगितलं आणि हिरव्या कापडाचं दार ढकलून नोकरांच्या बोळात शिरले. राग आला की मी चालत सुटते. समोर अरुंद जिना होता, तो चढले. अंधार, पायऱ्या उभ्या, कठड्याला नक्षी सोडा, धड पॉलिशही नाही. दम लागेपर्यंत चढून छपराखाली पोचले. तिथं मोलकरणींच्या खोल्या. कपाटाएवढी एकेक खोली, एक लोखंडी खाट, एक खिडकी.

त्या खिडकीतून मला सगळ्या बंगल्यात पहिल्यांदा उजेड दिसला. साधी काच, पडदा नाही. खाली सुरूच्या झाडांची भिंत, आणि तिच्या शेंड्यांपलीकडे नदी, आणि नदीकाठी लांबच लांब विटांची गिरणी. उंच धुराडं, खिडक्यांच्या रांगाच रांगा. खालच्या मजल्यावरून यातलं काहीही दिसत नव्हतं.

खाली येऊन लिंडाला विचारलं. "ओह, ती जुनी मिल," ती म्हणाली. "मालकाने झाडं लावली ती खास मिल दिसू नये म्हणून. आता तिथे शनिवारी बाजार भरतो. फार प्लेन आहे, बघण्यासारखं काही नाही." ज्या गिरणीच्या जिवावर एवढं घर उभं केलं ती घरातून दिसायला नको होती मालकाला. ती रोज बघायची वेळ फक्त मोलकरणींवर होती.

संध्याकाळी गावातल्या एका हॉटेलात पिझ्झा खायला बसलो. सई तिच्या फोनवर जिन्याचे फोटो दाखवत होती. मुकुंद म्हणाला, "मग उद्या होकार देऊन टाकू?"

तेव्हा आक्का बोलली. "दे की. पोरीला आवडलंय. मी घरी बसून टीव्हीवर बघीन आणि तिथूनच अक्षता टाकीन."

"अगं आई, ती मुलं उचलून नेतायत ना तुला!"

"मुकुंदा," आक्का म्हणाली, "चार जण उचलून नेतात ते एकदाच. ते काय चुकत नाही कुणाला. पण तोवर मला कुणी उचलायचं नाही."

मुकुंदच्या हातातला पिझ्झाचा तुकडा तसाच राहिला. चेहरा पांढरा पडला त्याचा. आता कळलं होतं.

"व्हॉट?" सई म्हणाली. "आजी, इट्स जस्ट फोर गाइज. व्हॉट्स द बिग डील?"

 मग मुकुंदनेच तिला इंग्रजीत सांगितलं. आपल्याकडे चार जण खांद्यावर कुणाला नेतात, कुठे नेतात.  सई आजीकडे बघत राहिली. मग "एक्सक्यूज मी" म्हणून उठली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. आक्का म्हणाली, "बघ, उगाच बोलले. पोरीचा हिरमोड केला." मी म्हटलं, गप्प बस. मी इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी माना वळवल्या.

शनिवार, सुरूच्या झाडांपलीकडे

सकाळी सईचे डोळे सुजलेले होते.  लिंडाला दुपारी फोन करायचा होता, आणि आक्का एकच पालुपद लावून बसली होती, तिथंच करा, माझ्यापायी बदलू नका. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, इथं नुसतं तोंडं पाडून बसण्यापेक्षा त्या गिरणीतल्या बाजारात तरी चला, हिरवी मिरची मिळाली तर बघू.

बाजार कसला? भोपळे, भोपळ्याचा साबण, भोपळ्याच्या वासाची मेणबत्ती. मिरची नावाला नाही. एक दाढीवाला तरुण मध विकताना प्रत्येक मधमाशीची कुंडली सांगत होता. पण ती जागा! मी दारातच थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हॉल, लोखंडी खांबांच्या दोन रांगा, दोन्ही अंगांना माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्या. सूत तुटलेलं दिसायला उजेड लागतो, म्हणून खिडक्या. जिथं जे हवं तिथं ते, आणि एकही सिंह जांभई देत नव्हता.

मागे वळून पाहिलं तर आक्का आत आलेली. कुणी हात न देता. दाराला पायरी नव्हती, उंबरा नव्हता. सुताच्या गाड्या ढकलत आत न्यायच्या म्हणून बाहेरपासून आतपर्यंत जमीन सलग सपाट ठेवलेली. गाड्यांसाठी केलेली ती वाट आक्काच्या वॉकरची चाकं घेऊन गेली.

"ऐसपैस आहे गं," आक्का म्हणाली. "बाबांचं खातं असंच होतं. मी डबा घेऊन जायची ना, तेव्हा दारातून दिसायचं." आणि ती चालायला लागली. मुकुंद दंड धरायला पुढे झाला, तिने त्याला नजरेनेच थांबवलं. भोपळ्यांमधून, साबणांमधून, मधवाल्यासमोरून, दोन पावलं आणि वॉकर, दोन पावलं आणि वॉकर. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मध्ये एकदा ती खांबाला हात टेकून थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली.

मुकुंदने तोवर बाजार सांभाळणाऱ्या बाईला गाठलं होतं. लग्नाला देतात का हा हॉल? देतात. होम? दारापाशी सिमेंट आहे, आग विझवायचं नळकांडं शेजारी ठेवा, करा खुशाल. जेवण आमचं आम्ही वाढलं तर? तिला तो प्रश्नच कळेना. मग कोण वाढणार, म्हणाली.

सई आजीच्या मागून चालत होती.  मला भीती वाटत होती, की ही आता आजीसाठी म्हणून हो म्हणेल आणि जन्मभर त्या निळ्या-लाल काचेची आठवण काढत राहील. आक्का शेवटच्या खिडकीपाशी पोचली आणि वळली. तोंडावर घाम, पण मान ताठ. सकाळचं ऊन सरळ तिच्या अंगावर पडलं होतं. रंगबिंग काही नाही, नुसतं ऊन.

सईने फोन काढला आणि फोटो घेतला. जिन्यापुढे काढलेल्या फोटोंमध्ये आजी एकाही फोटोत नव्हती, हे तिला तेव्हा दिसलं असावं. कारण तिने सगळे फोटो मागे-पुढे करून पाहिले आणि मग नाक पुसलं.

"आजी," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "अनिकेत इथे उभा राहील. मी त्या दारातून येणार. तुझ्याबरोबर. तुझ्या स्पीडने."

मला रडू आलं. रडू आलं की मी खेकसते. "अगं, या स्पीडने आलात तर मुहूर्त टळेल! गुरुजी मंगलाष्टकं संपवून घरी जातील!"

आक्काने वॉकर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"मग मी आधी निघीन," ती म्हणाली. "पण येईन चालत."